पावसाळ्यात पोळपाट, रवी आणि विळी

मृग लागला की मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही आणि पोळपाटाच्या पाठीवर पांढुरकी बुरशी धरते. आम्हा चिपळूणकरांना यात नवं काही नाही. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच, लाकडी सगळं काढून टाकून स्टील, प्लास्टिकचं घेऊ का? अजिबात नका घेऊ.

बुरशी पाठीवरच का धरते ते बघा. आपण वरचं अंग धुतो, पुसतो आणि पाट तसाच ओट्यावर आडवा टाकतो. पोळपाटाला निदान तीन पाय असतात, खालून थोडा वारा लागतो. भाजी चिरायच्या सपाट फळीला तेवढंही नाही. लाकूड ओलं झालं की रेषांच्या आडवं फुगतं. एक अंग ओलं आणि एक कोरडं राहिलं की ते वाकतं. वाकलेला पोळपाट लाटताना लगेच हाताला कळतो: पोळी एका कडेला पातळ होते, दुसरीकडे जाड राहते. म्हणून दोन्ही अंगं धुवा, लगेच फडक्याने कोरडी करा आणि कडेवर उभं करून ठेवा. पाण्यात भिजत घालायचं नाही. कडक उन्हातही नको, तडे जातात. हळदीचा डाग पडला असेल तर मात्र सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ दाखवा. हळदीचा रंग उजेडात विरतो.

रवीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. पाकळ्यांच्या बेचक्यात लोण्याचा थर बसतो आणि मग ताकालाच खवट वास येतो. घुसळून झाल्या झाल्या गरम पाण्यात फिरवायची, बारीक ब्रशने बेचकी घासायची आणि पाकळ्या खाली करून टांगायची. माझ्या सासूबाई ती खिडकीच्या गजाला अडकवत, वारा लागतो तिथे.

विळीच्या पाटावर कच्ची केळी, केळफूल चिरलं की काळे डाग पडतात. चिकातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि पात्याचं लोखंड एकत्र आलं की हा काळा रंग होतो. जाडं मीठ आणि लिंबाची फोड घासली की बराच उतरतो.

आता तेल. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल लावू नका, काही दिवसांत चिकट होतं आणि वास मारतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल मिळतं, ते कधी खवट होत नाही. लाकूड पूर्ण कोरडं असताना हाताने चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उरलेलं पुसून घ्यायचं. खोबरेल त्यामानाने टिकतं, पण पातळ हात द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल स्वयंपाकघरात आणूच नका, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात.

प्लास्टिकची फळी जास्त स्वच्छ, हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेत डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले गेले आणि पृष्ठभागावर फारसे सापडले नाहीत. सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिक मात्र घासून नीट साफ होईना. याचा अर्थ लाकूड धुवायचं नाही असा नव्हे. मासळीसाठी आमच्याकडे वेगळी फळी आहे आणि ती साबणाच्या गरम पाण्यानेच धुतली जाते.

पोळपाट वाकला, पण तडा नसेल, तर सुताराकडून रंधा मारून घ्या. फक्त पॉलिश लावायचं नाही हे आधीच बजावून सांगा, नाहीतर ते सवयीने लावून मोकळे होतात.