स्वस्त कोटेशन आणि गेटवरची वही

आमची कंपनी लहान. दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे आणि त्यांच्या तक्रारी सोडवायच्या, हे आमचं काम. कारखाना नाही, गोदाम नाही. त्यामुळे एका मोठ्या क्लायंटच्या प्रश्नावलीत 'पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरी होऊ नये म्हणून आपण काय करता?' असा प्रश्न आला, तेव्हा शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं, "आपल्याकडे कसली आलीय गुलामगिरी? लागू नाही, असं लिहून टाक." खरेदी आणि बिलं माझ्याकडे असतात, म्हणून कागद माझ्याकडे आला होता. आधुनिक गुलामगिरी म्हणजे धाक, कर्ज किंवा अडवलेले कागद यांच्या जोरावर माणसाला कामात अडकवून ठेवणं.

कायद्याने बघितलं तर आम्ही कुठेच बसत नाही. ब्रिटनचा २०१५चा कायदा ३.६ कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून याबाबत काय केलं याचं दरवर्षी निवेदन मागतो, ऑस्ट्रेलियाचा २०१८चा कायदा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपासून पुढे. पण या मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना विचारतात आणि प्रश्न गळत गळत आमच्यापर्यंत येतो. गंमत म्हणजे 'आम्ही काहीच पावलं उचललेली नाहीत' एवढं निवेदनही ब्रिटनच्या कायद्याला चालतं! त्यामुळे गुळगुळीत धोरणपत्रिका बघून मी फारशी भारावून जात नाही.

मी वर्षभराची बिलं काढून बसले. आमचा पैसा जातो कुठे? लॅपटॉप, साफसफाई, रात्रीचे गार्ड, कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाड्या आणि सीझनला एजन्सीकडून येणारी जादा माणसं. लॅपटॉपच्या बॅटरीतला कोबाल्ट हा धातू कुठल्या खाणीतून आला, हे माझ्या खुर्चीतून मला शोधता येणार नाही. लॅपटॉप जास्त वर्षं वापरायचे, एवढं करता येतं. पण झाडू मारणारी बाई मला रोज दिसते. माझा हात तिथवर नक्की पोचतो.

"हे सगळं गरीब देशांत चालतं," असं पुन्हा शेजारच्या टेबलावरून आलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २.७६ कोटी माणसं सक्तीच्या मजुरीत होती. त्यातली निम्म्याहून जास्त उच्च आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती आणि सेवाक्षेत्राचा वाटा त्यात मोठा होता.

माझं पहिलं हत्यार कॅल्क्युलेटर. साफसफाईसाठी तीन कोटेशनं आली होती, त्यातलं एक बरंच खाली. माणसं किती, तास किती, कायद्याचं किमान वेतन किती, हे गुणलं. साप्ताहिक सुटीला बदली माणूस, भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधीसारख्या कायद्याने भराव्या लागणाऱ्या वर्गण्या, फिनेल-फडकी, सुपरवायझर हे सगळं मिळवलं. त्या ठेकेदाराचा दर नुसत्या वेतनातच संपत होता. मग तो जगतो कशावर? दानधर्म म्हणून तर आमच्या फरशा पुसणार नाही. दराची फोड मागितली तर म्हणाला, "ते माझ्यावर सोडा ना मॅडम." नाही सोडलं.

गार्डच्या बाबतीत कागद स्वच्छ होते, जरा जास्तच स्वच्छ. हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरप्या वळणाच्या. ओव्हरटाइमच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. मग मी आमचीच गेटवरची वही आणली, रात्री येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद गार्ड स्वतः करतात ती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं, की एकच माणूस रात्रपाळी करून दिवसपाळीलाही तिथेच होता, आणि पुन्हा रात्री. ऑडिटरला पैसे मोजण्याआधी हे फुकटातलं काम करून बघा.

पुढची पायरी नाजूक. सुपरवायझर नसताना, त्या माणसाच्या भाषेत, अगदी साधं विचारायचं. तुझे मूळ कागद कोणाकडे आहेत? पगार कोणाच्या खात्यात येतो? ही नोकरी मिळवायला कोणाला पैसे दिलेस, आणि ते अजून कापले जातात का? उद्या सोडून जायचं म्हटलं तर काय होईल? अडवलेले कागद, अडकवलेला पगार, न फिटणारं कर्ज या सक्तीच्या मजुरीच्या मान्य खुणा आहेत. नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, हे तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या १८१ क्रमांकाच्या करारातच आहे.

उत्तर वाईट आलं तर तडकाफडकी ठेका तोडायचा नाही. तोडला की सगळ्यात आधी त्याच माणसाचा थकलेला पगार बुडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला दुसरीकडे हलवलेलं असतं. कोणी बोललं, हेही ठेकेदाराला कळता कामा नये. आमच्या गार्डांचा थकलेला ओव्हरटाइम आधी त्यांच्या खात्यांत जमा करायला लावला, मग नवा करार केला: पगार थेट स्वतःच्या खात्यात, पगाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती आमच्याकडे, लेखी परवानगीशिवाय पोटठेकेदार नाही. कोंडून ठेवणं, मारहाण, धमक्या असतील तर मात्र आपण गुप्तहेर व्हायचं नाही. त्या माणसाची सुरक्षितता बघून पोलीस किंवा कामगार खात्याकडे जायचं.

आमच्या साहेबांना सगळ्यात जड गेली ती बिलांची मुदत. ठेकेदाराने महिन्याला पगार द्यायचा आणि आपण त्याचं बिल तीन महिन्यांनी चुकतं करायचं, तर मधला भार कोण उचलणार? ज्याच्याकडे 'नाही' म्हणायची सोय नाही, तो. मजुरीच्या बिलांची मुदत आता पगाराच्या तारखेआधीची आहे. त्यावर दोन मीटिंगा झाल्या, आवाजही चढले.

गाड्यांचं अजून लटकलंय. ठेकेदार म्हणतो, ड्रायव्हर त्याचे नोकर नाहीत, 'भागीदार' आहेत, आणि गाडीचा हप्ता त्यांच्याच कमाईतून वळता होतो. हप्ता किती, किती वर्षं, मधेच सोडलं तर काय, हे लिहिलेला करार मी मागितलाय. तो आल्याशिवाय पुढचं वर्ष त्याला द्यायचं नाही, एवढं साहेबांकडून लेखी घेऊन ठेवलंय.