तोफगोळे कुणाला विकतात एवढंच विचारलं होतं: माझा आरटीआयचा अनुभव

माझं रत्नागिरीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, प्रतिज्ञापत्रं, हरकती, माहिती अधिकाराचे अर्ज हेच दिवसभर चालू असतं, त्यामुळे सरकारी कागद बघून घाबरणाऱ्यातला मी नाही. पण दिल्लीतल्या एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही) मला जेवढं फिरवलं तेवढं इथल्या कुठल्याही टेबलाने फिरवलेलं नाही. आणि विचारलं काय होतं, तर भारत कुठल्या देशांना शस्त्रं विकतो आणि ती यादी आपल्या संसदेपुढे जाते का. क्षेपणास्त्राचं डिझाईन मागितलं नव्हतं हो.

हे माझ्या डोक्यात आलं ते वाटदमुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या वाटद औद्योगिक क्षेत्रात दारूगोळा आणि स्फोटकांचा मोठा कारखाना जाहीर झाला, मग मे २०२५ मध्ये जर्मन कंपनीबरोबर कराराची बातमी आली, वर्षाला दोन लाखांपर्यंत तोफगोळे वगैरे. जमिनीच्या हरकती टाईप करायला माणसं दुकानात यायला लागली, काही विरोधातली, काही नुसता दर वाढवून हवा असलेली, ते असो. त्यातल्या एका काकांनी टायपिंग चालू असताना सहज विचारलं, "काय रे, हे गोळे जाणार कुठं? आपल्याच लष्कराला ना?" म्हटलं काका, निर्यातही करणार म्हणतायत. "मग कुणाला विकायचे ते कोण ठरवतं? आपला खासदार विचारतो काय?" मला उत्तर आलं नाही, आणि मला उत्तर न येणं हे मला चालत नाही.

म्हणून रात्री दुकान बंद करून बसलो. जे सापडलं ते मजेशीर होतं. अमेरिकेत १९७६ चा एक कायदा आहे, त्यात ठरावीक रकमेच्या वरची शस्त्रविक्री परदेशी सरकारला करायची असेल तर सरकारने आधी त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, लेखी कळवायचं, आपल्यासारख्या देशासाठी ३० दिवस आधी, नाटोवाल्यांसाठी आणि जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे दोस्तांसाठी १५ दिवस. शिवाय त्याच्याही आधी परराष्ट्र समित्यांचे मुख्य मेंबर अनौपचारिकपणे फाईल अडवून धरू शकतात. आणि ही सूचना जाहीर असते, कुणीही वाचावी. आपण जे ड्रोन घेतले ना, ३१ एमक्यू-९बी, त्याची सूचना १ फेब्रुवारी २०२४ ची, अंदाजे ३.९९ अब्ज डॉलर, सोबत १७० हेलफायर क्षेपणास्त्रं, ३१० छोटे लेझर बॉम्ब, सगळं आकड्यासकट. त्याआधी नौदलासाठी २४ रोमिओ हेलिकॉप्टरं घेतली त्याची २०१९ मधली सूचनाही तशीच, २.६ अब्ज डॉलर. रत्नागिरीत बसून मी हे एका रात्रीत वाचलं, एक रुपया खर्च न करता.

आता तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०१९ मध्ये सौदी आणि अमिरातीला विकायच्या शस्त्रांसाठी ट्रम्प सरकारने इमर्जन्सी दाखवून ती मुदतच टाळली, काँग्रेसने नामंजुरीचे ठराव केले तर त्यांच्यावर व्हेटो मारला. असा ठराव शेवटपर्यंत टिकून एखादी विक्री थांबली असं आजवर एकदाही झालेलं नाही. पण कागद तर दिसतो! जर्मनीतही सरकार दरवर्षी अहवाल काढतं, कुठल्या देशाला किती, ब्रिटनमध्ये तर दर तिमाहीला. म्हणजे गंमत अशी की आपण काय विकत घेतो ते मला अमेरिकेच्या संसदेच्या कागदावरून कळतं, आणि आपण काय विकतो ते मात्र आपल्या संसदेच्या कागदावर मला कुठे सापडेना. म्हणून अर्ज.

अर्ज लिहिण्यात मला काही वेळ लागला नाही, ते माझं रोजचं काम आहे. चार मुद्दे. स्कोमेट म्हणून जी यादी आहे निर्यातीवर परवाना लागणाऱ्या वस्तूंची, तिच्यातला सहावा वर्ग म्हणजे युद्धसाहित्य, त्यात गेल्या तीन आर्थिक वर्षांत किती परवाने दिले ते वर्षवार. दुसरं, त्याची देशवार विभागणी, कंपन्यांची नावं नकोत असं मुद्दाम लिहिलं. तिसरं, नाकारलेले अर्ज किती. आणि चौथं, माझ्या दृष्टीने मुख्य, ही माहिती लोकसभा, राज्यसभा किंवा कुठल्याही संसदीय समितीपुढे ठेवली असेल तर त्या कागदाची प्रत. "का ठेवली नाही" असं कधी विचारू नका, "का" ला ते उत्तर देत नाहीत, प्रत मागायची, नोंद मागायची.

केंद्राच्या ऑनलाईन पोर्टलवर दहा रुपये फी, मजकूर ३००० अक्षरांत बसवायचा आणि अवतरणचिन्हं वगैरे टाकाल तर घेत नाही, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. त्यामुळे वर्डमध्ये नटवून लिहिलेला मजकूर चिकटवू नका, नोटपॅडमधून टाका.

इथपर्यंत छान. मग सुरू झालं कलम ६(३).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तुम्ही विचारलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा असं हे कलम. चांगलंच कलम आहे, नाहीतर माणसाने योग्य ऑफिस शोधत कुठे कुठे जायचं. पण त्याचा वापर कसा होतो ते बघा. पहिल्या कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने त्याचे तुकडे केले, पहिला-दुसरा मुद्दा एकीकडे, तिसरा स्वतःकडे, चौथा तिसरीकडेच. ज्यांच्याकडे चौथा गेला त्यांनी बघितलं की यात संसद शब्द आहे, मग ते म्हणाले हे आमचं नाही, हे संसदेच्या कामाशी संबंधित, आणि आणखी पुढे ढकलला. आणि ज्यांच्याकडे देशांचा मुद्दा गेला होता त्यांनी तो पहिल्याच कार्यालयाकडे परत पाठवला! प्रत्येक वेळी मोबाईलवर मेसेज, प्रत्येक वेळी नवीन रजिस्ट्रेशन नंबर, जुना नंबर टाकला की "दुसऱ्या प्राधिकरणाकडे पाठवला" एवढंच दिसतं. दुकानाच्या कॅलेंडरमागे मी त्या नंबरांची वंशावळ काढून ठेवली होती, कुणापासून कोण झाला ते. बायको म्हणाली एवढी आपल्या घराण्याची तरी लिहून ठेवली असतीत. तुम्हीही करा, चेष्टा नाही, अपिलाच्या वेळी हेच कामाला येतं, आणि प्रत्येक स्टेटसचा स्क्रीनशॉट तारखेसकट.

या सगळ्यात उत्तराची मुदत उलटायला आली. रोज सकाळी मशीन चालू केलं की आधी पोर्टल, स्टेटस काय तर "अंडर प्रोसेस". हेल्पलाईनला फोन केला तर एक बाई अतिशय गोड आवाजात सांगायच्या, "सर, संबंधित सीपीआयओशी संपर्क साधा." सीपीआयओचा, म्हणजे त्या कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याचा, नंबर लावला की फॅक्सचा आवाज. फॅक्स! माझ्या दुकानातनं फॅक्स मशीन भंगारात जाऊन किती वर्षं झाली. एकदा लागला फोन, उचलणाऱ्याने विषय विचारला, मी सांगितला, पलीकडे शांतता, मग "साहब मीटिंग में हैं". दुसऱ्या दिवशीही साहेब मीटिंगमध्येच. मला राग कशाचा आला सांगू, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा ना, कलम दाखवा, आम्ही अपील करतो. हे न नाही न हो, नुसतं इकडून तिकडे, यात माणूस स्वतःहून कंटाळून सोडून देतो आणि रेकॉर्डवर नकारसुद्धा येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं हेच होतं.

शेवटी उत्तर आलं. हिंदीत, तिरकं स्कॅन केलेलं. पहिल्या मुद्द्याला निर्यातीचे एकूण आकडे, २०२३-२४ ला २१,०८३ कोटी, २०२४-२५ ला २३,६२२ कोटी, आणि परवाने १,५०७ वरून १,७६२. हे सरकारच्या प्रेसनोटमध्ये आधीच छापलेलं होतं! दुसऱ्या-तिसऱ्या मुद्द्याला कलम ८(१)(अ), म्हणजे देशाची सुरक्षा, सामरिक हित, परराष्ट्रांशी संबंध. चौथ्या मुद्द्यावर काही नाही, तो अजून प्रवासात.

नकार आला की आधी बघायचं, त्यात कारण लिहिलंय का आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचं ते लिहिलंय का. कलम ७(८) प्रमाणे ते द्यावंच लागतं. माझ्या उत्तरात अपील अधिकाऱ्याचं नावच नव्हतं, अपिलात पहिला मुद्दा तोच घेतला. दुसरा मुद्दा कलम १०, की देशांची नावं गुप्त असतील तर ती झाका आणि उरलेलं द्या, नाकारलेल्या अर्जांचा नुसता आकडा दिल्याने कुठल्या देशाशी संबंध बिघडतात ते सांगा. केंद्रात पहिल्या अपिलाला फी नाही, ३० दिवसांच्या आत करायचं.

सुनावणी फोनवर, नेमकी गणपतीच्या आदल्या आठवड्यात. चाकरमानी यायला लागलेले, दुकानात ही गर्दी, बाहेर पाऊस, लाईट गेलेली म्हणून इन्व्हर्टरवर एकच मशीन चालू. साहेबांचा पहिला प्रश्न, "आप ये सब क्यों जानना चाहते हैं?" मी म्हटलं सर, कलम ६(२), अर्जदाराला कारण विचारता येत नाही. एक मुलगी आधारची झेरॉक्स मागत समोर उभी, तीपण थांबून ऐकायला लागली. साहेब जरा नरमले. मग म्हणाले की हा संवेदनशील विषय आहे, संसदेतही नावं दिली जात नाहीत. मी म्हटलं तेच तर मला लेखी हवंय सर. (याचा मला अजून आनंद होतो.)

आणि ते खरंच बोलत होते. मधल्या काळात मी संसदेच्या साईटवर जुनी प्रश्नोत्तरं काढून वाचली होती, हे खरं म्हणजे अर्जाच्याही आधी करावं, फुकट आहे. खासदारांनी विचारलंय की कुठल्या देशांना निर्यात केली, आणि उत्तर येतं एकूण रक्कम आणि सामरिक कारणास्तव देशांची नावं सांगता येत नाहीत. लोकसभेच्या नियमांतच गुप्त स्वरूपाच्या बाबींवरच्या प्रश्नांना आडकाठी आहे. संरक्षणाची स्थायी समिती आहे, ३१ सदस्य, पण या समित्यांनी खात्याच्या रोजच्या कारभारात शिरायचं नाही असाही नियम, आणि एकेक परवाना म्हणजे रोजचा कारभारच की. कोर्टाचा रस्ता बघाल तर इस्रायलला जाणाऱ्या निर्यातीवर जनहित याचिका झाली होती, सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा परराष्ट्र धोरणाचा, सरकारचा विषय म्हणून ती फेटाळली. परवाना द्यायचा कायदा १९९२ चा परकीय व्यापाराचा, त्यातले नियम संसदेपुढे ठेवावे लागतात पण दिलेल्या परवान्यांची यादी ठेवा असं त्यात कुठे मला दिसलं नाही. माझं मत असं की आपण इतकी वर्षं घेणारे होतो म्हणून आपल्या खासदारांना खरेदीवर ओरडायची सवय, बोफोर्सवर १९८७ मध्ये जेपीसी, म्हणजे संयुक्त संसदीय समिती, बसलीच ना, विकणारे आपण आत्ता झालो. २०१३-१४ ला निर्यात ६८६ कोटी होती, तेव्हा कोण विचारणार होतं.

खासदारांच्या ऑफिसला पत्र दिलं, पोच मिळाली, तिथे त्रास काही झाला नाही. फक्त प्रश्न तयार करूनच न्या, छोटा, एका विषयाचा, कारण त्यांना १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि पुढे सोडत असते. "आमच्या भागात कारखाना येतोय" ही ओळ टाकली की पीए वाचतो.

हो, आणि अर्ज डीआरडीओला पाठवू नका, ती संरक्षण संशोधन करणारी सरकारी संस्था आरटीआयच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कायद्यातून जवळजवळ बाहेरच.

अपिलाचा आदेश गौरी-गणपती झाल्यावर आला. देशांची नावं नाहीत, ८(१)(अ) कायम. नाकारलेल्या अर्जांच्या आकड्यावर सीपीआयओने फेरविचार करावा, तो फेरविचार अजून चालूच आहे. आणि चौथ्या मुद्द्यावर एक ओळ, अशी कोणतीही नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही. त्या एका ओळीसाठी मी एवढा फिरलो आणि मला ती पुरेशी वाटली, दुकानातच दोन कॉप्या काढल्या, एक खासदारांच्या ऑफिसला दिली आणि एक काकांना. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "म्हणजे नाहीच विचारत." मी म्हटलं विचारतात काका, सांगत नाहीत.

दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे, ९० दिवसांच्या आत करायचं, तेही ऑनलाईन होतं, पहिल्या अपिलाचा आदेश आणि मूळ अर्ज दोन्हींची पीडीएफ लागते. माझं टाईप करून झालंय, नाकारलेल्या आकड्याचं उत्तर आलं नाही तर या आठवड्यात टाकतोय. कुणाला मसुदा हवा असेल तर देईन, टायपिंगचे पैसे मात्र घेईन.