पानं उघडतात, पण फोटो काही जात नाहीत

राउटर बदलला त्या दिवशी सगळं सुरळीत वाटलं. पानं उघडत होती, व्हिडिओ चालत होते. संध्याकाळी लॅपटॉपवरून मेलला दोन फोटो जोडायला गेलो, तर पट्टी जराशी सरकली आणि तिथेच थिजली. त्याच वाय-फायवर मोबाइलवरून तेच फोटो झटक्यात गेले.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. राउटर बंद करून चालू करा, म्हणाले. ते माझं आधीच तीनदा करून झालं होतं. लिनक्स वापरतो म्हटल्यावर बोलणं आटोपलंच. (मोबाइल चालतोय हे ऐकल्यावर त्यांच्या जागी मीही फोन ठेवला असता.)

मग डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर, संशय. नाव सापडत नसतं तर पानच उघडलं नसतं, हे कळत असूनही अर्धा तास त्यात घालवला. सवय, दुसरं काय.

धागा हाती लागला तो पिंगमुळे, म्हणजे दुसऱ्या मशीनला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहणाऱ्या आज्ञेमुळे. साधं पिंग व्यवस्थित चालत होतं. म्हणून वाटेत पॅकेटचे (डेटा ज्या गठ्ठ्यांतून जातो त्यांचे) तुकडे करू नयेत असा पर्याय लावून आकार वाढवत नेला. १४६४ बाइटपर्यंत उत्तर येई, १४६५ ला शुकशुकाट. त्यात हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्ता वगैरे माहितीचे, २८ मिळवले की होतात १४९२. हा आकडा पीपीपीओईचा, म्हणजे राउटरने कंपनीकडे लॉगिन करून जोडणी घ्यायच्या पद्धतीचा: इथरनेटच्या एका पॅकेटच्या १५०० पैकी ८ बाइट त्यालाच लागतात. म्हणजे माझा लॅपटॉप १५०० ची पॅकेट सोडत होता आणि ती राउटरच्या दारात अडत होती. पान मागवायची विनंती छोटी असते, ती निसटून जायची. फोटो पाठवताना मात्र प्रत्येक पॅकेट काठोकाठ भरलेलं.

पण अशा वेळी 'पॅकेट मोठं आहे, लहान कर' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप राउटरने द्यायला हवा. तो का नाही? येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडंप लावला, तर निरोप येत होता की! दर वेळी. येणारं पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या (काय आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्याच्या) आधी दिसतं. निरोप दारापर्यंत येत होता, आत घेतला जात नव्हता.

आणि दारावरचा पहारेकरी मीच नेमलेला. यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं सोपं साधन तयार असताना हौसेने एनएफटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलचे, नियम हाताने लिहिले होते: येणारं सगळं टाकून दे, फक्त 'एस्टॅब्लिश्ड' (आधीच चालू असलेल्या जोडणीचं) तेवढं घे. शेजारचा 'रिलेटेड' (त्या जोडणीशी संबंधित) हा शब्द राहून गेला होता. चालू जोडणीबद्दलचे असे आयसीएमपी निरोप कर्नल (लिनक्सचा गाभा) नेमके त्याच गटात टाकतो. जुना राउटर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमध्ये किती डेटा भरायचा ती मर्यादा) परस्पर कमी करून देत असणार, म्हणून इतके महिने बाधलं नाही.

तो शब्द घातला, नियम पुन्हा लोड केले आणि फोटो गेले. आयपीव्ही६ च्या (इंटरनेटच्या नव्या पत्ता-पद्धतीच्या) नियमांतही लगेच तीच दुरुस्ती केली. तिथे तर वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत, सगळी भिस्त या निरोपावरच.