पाळक व्हायचंय, तर कुणासोबत शिकायचं?

मी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, पाळक (धर्मोपदेशक) आहे. उन्हाळा लागला की बी.ए. झालेला एखादा मुलगा घरी येतो. सोबत बहुधा आई असते आणि बोलते तीच. "बाई, याले पाळकाचं शिक्षण घ्यायचं आहे. कुठं टाकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जिथं फक्त आपल्याच मंडळीची पोरं असतील तिथं नका टाकू. मार्थोमावाले, बाप्तिस्त, लुथेरन अशा सगळ्या पंथांची पोरं एका मेसमध्ये जेवतात, अशा सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, पाठवा. हे ऐकून आई गप्प होते. चार प्रकारच्या लोकांत राहून आलेला पोरगा आपल्या मंडळीचा उरेल का, हा तिचा घोर असतो. त्या घोराला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

आधी आपला विदर्भ बघा. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे अलायन्स मिशन. वाशिमला नाझरीन. यवतमाळला फ्री मेथडिस्ट. नागपूर-भंडाऱ्याकडे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, तर चांद्याला (चंद्रपूरला) स्कॉटलंडचेच पण एपिस्कोपल, म्हणजे बिशप मानणारे. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने जायचं नाही, असं मिशनांनी आपसांत ठरवून घेतलं होतं. आपल्या पणजोबांनी सिद्धान्त पारखून पंथ निवडला नाही. घर ज्या तालुक्यात, त्या तालुक्याचं मिशन त्यांच्या वाट्याला आलं. मी चांद्यातल्या वरोऱ्याकडची, म्हणून सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची; चांद्याची मंडळी पुढे त्यातच गेली. वर्धा नदी ओलांडून वणीत जन्मले असते तर फ्री मेथडिस्ट असते. मधल्या काळात सोयरिकींनी ही कुंपणं कधीच मोडली आहेत. माझी मोठी जाऊ अकोल्याच्या अलायन्स घरातली आहे, आणि आमच्या घरात त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही.

आणि सीएनआय तरी काय आहे? 1929 पासून बोलणी चालली, तेव्हा कुठं 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. बाळाला शिंपडून दिलेला बाप्तिस्मा आणि मोठ्यांना पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा, दोन्ही तिथं मान्य झाले. एवढी मोठी गोष्ट आपल्या नागपुरात घडली, पण आपल्या किती तरुण संघांत ती कुणी सांगितली आहे?

सेरामपूरचंही तसंच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालातलं हुगळीकाठचं. विल्यम कॅरे, मार्शमन आणि वॉर्ड या तिघा मिशनऱ्यांनी 1818 मध्ये तिथं कॉलेज काढलं. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन पदव्या द्यायचा अधिकार दिला. आज देशभरच्या वेगवेगळ्या मंडळ्यांच्या सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटला, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेल्या आहेत, त्यामुळे केरळातल्या आणि मिझोरममधल्या मुलाची धर्मशास्त्राची पदवी, बी.डी., एकच. याच कॅरेने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, आणि त्या कामात त्याच्या हाताशी असलेले वैजनाथ पंडित नागपूरकडचे होते. आपला या शिक्षणाशी संबंध इतका जुना आहे.

माझी सेमिनरी महाराष्ट्राबाहेरची. खोलीत माझ्यासोबत नागालँडची एक बाप्तिस्त आणि केरळची एक मार्थोमा मुलगी होती. बाप्तिस्त मैत्रीण कशालाही एकच विचारायची, "शास्त्रात कुठं आहे, दाखव." बाळांच्या बाप्तिस्म्यावरून आमचं इतकं भांडण व्हायचं की मेस बंद व्हायची आणि आम्ही चिवड्यावर रात्र काढायचो. मार्थोमावालीला आमची आयत्या वेळची लांबलचक प्रार्थना पटत नसे. तिच्या उपासनेत ठरलेले शब्द, आणि सगळ्यांनी ते मिळून म्हणायचे. "स्वतःचे शब्द संपतात तेव्हा हे पुरतात," असं ती म्हणायची. मला ते कोरडं वाटायचं.

या दोघी माझ्या किती कामी आल्या, ते एका पावसाळ्यात कळलं. नदीपलीकडच्या एका गावात कापूसवाल्या एका भावाने फवारणीचं औषध पिऊन जीव दिला. त्यांचे पाळक बाहेरगावी होते, म्हणून मला निरोप आला. त्या वेळी आंध्रातला एक लुथेरन विद्यार्थी सेमिनरीकडून माझ्याकडे कामाला होता. त्यालाही सोबत घेतलं. शवविच्छेदन होऊन प्रेत घरी यायला दुपार टळली. अंगणात मंडळीचे वडीलधारे बसलेले. त्यांतले एक म्हणाले, "जीव स्वतःहून दिला, त्याले आपल्या कबरस्तानात कसं ठेवता येईन?" कुणी उलट बोललं नाही.

हा विचार कुठून आला, ते मला इतिहासाच्या तासाला शिकवलं होतं. पाचव्या शतकात ऑगस्टिनने आत्महत्येविरुद्ध लिहिलं, पुढच्या शतकातल्या धर्मपरिषदांनी अशा मृतांना विधी नाकारले. पण अंगणात मला आठवली ती नागालँडची मैत्रीण. शास्त्रात कुठं आहे? मी 1 शमुवेलाचा 31 वा अध्याय काढून वाचला. शौल राजाने स्वतःच्या तलवारीवर पडून जीव दिला. याबेश-गिलादची माणसं रात्रभर चालून गेली, त्याचं प्रेत आणलं, अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. ते काका बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिले. मग उठून त्यांनीच कुदळ मागवली.

बाई असल्यामुळे मला आत चुलीपर्यंत जाता येतं. त्याची बायको भिंतीला टेकून होती, मांडीवर पोरगी. तिने विचारलं, "बाई, याले स्वर्ग भेटते का?" मी तिला रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय सांगितला, की ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून मरणही आपल्याला तोडू शकत नाही. त्यापुढे मला काही बोलता आलं नाही. तेव्हा मी दफनविधीचं पुस्तक उघडलं आणि ठरलेली प्रार्थना तिच्याजवळ बसून हळूहळू वाचली. दोन ओळींनंतर तिची अलायन्समधली आईही माझ्यामागून म्हणू लागली. मार्थोमावाली बरोबर होती.

बाहेर खड्डा खणताना पाणी लागलं. काळी माती फावड्याला चिकटून निघता निघेना. तो आंध्राचा मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरला आणि घमेल्याने पाणी उपसत राहिला. मराठी त्याला येत नव्हती, पण त्या घरात आजही त्याची विचारपूस होते.

आता सेमिनरीने काय दिलं नाही, तेही सांगते. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकार पात्र कुटुंबाला 1 लाख रुपये देतं. पात्र की अपात्र, हे जिल्ह्याची समिती ठरवते. सातबारा, कर्जाचे कागद, पंचनामा लागतो. त्या विधवेसोबत तलाठ्याकडे जाऊन बसायचं काम पाळकाचंच आहे, असं मी ठामपणे मानते. पण हे मला कुणी शिकवलं नाही. ग्रीक-हिब्रू हवंच, त्याविषयी माझी तक्रार नाही. त्याच्या जोडीला एक पूर्ण हंगाम गावात काढणं सक्तीचं हवं, पेरणीपासून कापूस वेचेपर्यंत. आणि शिक्षण आपल्या भाषेत हवं. सगळं इंग्रजीत शिकून आल्यावर माझ्या संदेशांना मराठी वळण यायला काही वर्षं गेली, आणि ती वर्षं मंडळीने सोसली.

आपल्या यवतमाळातच 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली होती, अनेक मंडळ्यांना सोबत घेऊन चालणारी. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. शहरात गेल्याने तिचा विस्तार झाला, त्याचा मला आनंदच आहे. पण गावापासून हाकेच्या अंतरावर देशभरची पोरं शिकत होती, ते दिवस विदर्भाने गमावले. तशी संस्था पुन्हा उभी करणं माझ्या हातात नाही.

हातात आहे तेवढं सुरू केलं आहे. वणी-वरोऱ्याकडचे आम्ही काही पाळक महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र बसतो: फ्री मेथडिस्ट, सीएनआय, अलायन्स. शास्त्रातला एकच उतारा सगळे मराठीत तयार करून आणतात आणि एकमेकांना उलटसुलट विचारतात. दुपारनंतर पीकविमा, वारसनोंद, दवाखान्याच्या योजना, यांतल्या एका विषयावर त्या कामातला माणूस बोलावतो. सेमिनरीला जायच्या विचारात असलेल्या मुलामुलींनी अर्ज भरण्याआधी इथं येऊन बसावं. मुलींनी तर नक्कीच. डबा आपापला आणायचा, चहा आमच्याकडे. पुढच्या सोमवारी रूथचं पुस्तक आहे, पहिले दोन अध्याय वाचून या.