परवान्यावरचं नाव

पेरूत माचू पिचू या इंकांच्या प्राचीन नगरीकडे चालत नेणाऱ्या डोंगरवाटेचे, म्हणजे इंका ट्रेलचे, पुढच्या वर्षाचे परवाने साधारण ऑक्टोबरात खुले होतात आणि त्या दिवसांत आमच्या डेस्कला दुसरं काही सुचत नाही. मी पुण्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. एका वर्षी सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणारा एक ग्रुप पुढच्या मे महिन्यात पेरूला जाणार होता. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड पायाखाली घातलेली माणसं. चालण्याची काळजीच नव्हती. अवघड होतं ते त्यांना परवान्याचं प्रकरण पटवून देणं. आपल्याकडे पायथ्याच्या गावात पावती फाडली की माणूस गडावर जायला मोकळा. तिथे सात महिने आधी ठरवावं लागतं की नेमकं कोण येणार.

माचू पिचूला रेल्वेनं आणि बसनं जाणाऱ्यांचं तिकीट वेगळं असतं. पण चार दिवस डोंगरातून चालत जाऊन शेवटच्या सकाळी इंती पुंकूमधून, म्हणजे सूर्यद्वारातून, माचू पिचू बघायचं असेल तर ट्रेलचा परवाना लागतो. दिवसाला 500 माणसांनाच वाटेवर सोडतात. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात, पण त्यात वाटाडे, स्वयंपाकी आणि सामान वाहणारे हमालही मोजलेले असतात. पर्यटकांच्या वाट्याला त्यातल्या साधारण 200 जागा येतात. फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद. पाऊस संपून आकाश मोकळं होतं ते मे-जूनमध्ये, आणि सगळ्या जगाला नेमक्या त्याच तारखा हव्या असतात.

परवाना आपण इथून थेट काढू शकत नाही. पेरूतल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच तो निघतो. आम्ही पेरूतल्या कुस्को शहरातल्या अशा एका संस्थेला प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पाठवतो आणि परवाना त्या नावाला, त्या क्रमांकाला चिकटतो. नंतर माणूस बदलता येत नाही, तारीख बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत. भाऊ आजारी पडला म्हणून त्याच्या जागी बहीण जाऊ शकत नाही. लोकांना हे जाचक वाटतं. मला ते योग्य वाटतं. नाव बदलायची मुभा असती तर दलालांनी मे महिना आधीच उचलून ठेवला असता आणि खऱ्या चालणाऱ्याला दुप्पट पैसे मोजावे लागले असते.

परवाने काढायच्या दिवशी सकाळीच ग्रुपमधल्या एका मुलीचा फोन आला. “ताई, माझा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतोय. चालेल ना?” ट्रेक मे महिन्यात, म्हणजे प्रवासाच्या वेळी पासपोर्टला जेमतेम तीन महिने उरणार. सहा महिन्यांची मुदत नसेल तर विमानात बसतानाच अडवतात. पासपोर्ट नवा करणं भाग होतं, आणि नवा पासपोर्ट म्हणजे नवा क्रमांक. पुढचं वाक्य तिनं जरा थांबून सांगितलं. “आणि डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. सासरचे म्हणतायत, नवा करतेच आहेस तर नवीन नावानंच कर.”

मराठी मुलीच्या बाबतीत हे जड जातं. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि मग आडनाव. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात, तेच पुढे कागदावर चढतं. मग जुन्या नोंदीतलं जुळण्यासारखं उरतं काय? जन्मतारीख आणि फोटो.

मी तिला म्हटलं, लगेच काही ठरवू नकोस, मी कुस्कोला विचारते. पण कुस्को आपल्या साडेदहा तास मागे. आपल्या दुपारी तिथे मध्यरात्र असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यात तत्काळमध्ये नवा पासपोर्ट काढता येईल का, असं तिच्या भावानं विचारलं. निघाला असता, पण अपॉइंटमेंट आणि कागद धरून चार-आठ दिवस हातचे जाणारच होते. तोवर त्या तारखेच्या जागा राहतील असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? लग्नानंतरचं नाव तर लग्नाआधी लावताच येत नाही. म्हणजे नव्या नावानं परवाना काढायची वाट मुळातच नव्हती.

दुपारी ती स्वतः ऑफिसात आली, सोबत होणारे सासरे. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार शांत होते. त्यांनी परवान्याचा नमुना मागितला, चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, “नाव बदललं तर काय होईल, एवढंच स्पष्ट सांगा.” मी सांगितलं, “काका, वाट जिथे सुरू होते तिथे, किलोमीटर 82 नावाच्या ठिकाणी, चौकी आहे. तिथे परवाना आणि मूळ पासपोर्ट समोरासमोर धरून बघतात. जुळलं नाही तर तिला तिथूनच परत फिरावं लागेल. बाकीचा ग्रुप पुढे जाईल.” ते म्हणाले, “घरी आम्ही हिला नव्या नावानं हाक मारू. पासपोर्टनं काय घोडं मारलंय? तो राहू दे तसाच.” मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “बाबा, मला खरं तर नाव बदलायचंच नाहीये. पासपोर्टवर तर नाहीच.” खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा नियम नाही, एवढंच मी मध्ये सांगितलं. पुढचं त्यांच्या घरातलं होतं. मी चहा सांगायला उठले.

संध्याकाळी कुस्कोतली आमची सहकारी ऑनलाइन आली. तिला सगळं समजावताना मजेशीर अडचण उभी राहिली. लग्न झाल्यावर माणसाचं नाव का बदलावं हेच तिच्या लक्षात येईना. पेरूत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं, आणि बाई लग्नानंतरही तीच ठेवते. फार तर नवऱ्याचं आडनाव मागे जोडते. तिच्या दृष्टीनं नाव बदललेला पासपोर्ट म्हणजे सरळ दुसरी व्यक्ती, आणि दुसऱ्या व्यक्तीला हा परवाना चालणार नाही. क्रमांक बदलण्याचं मात्र तिला काहीच वाटलं नाही. पासपोर्ट नवा होणं त्यांच्या रोजच्या कामातलं. नाव आणि जन्मतारीख तीच असेल तर आता जुन्या क्रमांकावर परवाना काढायचा, नवा पासपोर्ट आला की त्याची प्रत पाठवायची, आणि प्रवासात दोन्ही जवळ ठेवायचे.

दोन्ही जवळ ठेवणं आपल्याला सोपं आहे, कारण पासपोर्ट कार्यालय जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत देतं. बरेच जण तो निरुपयोगी म्हणून कुठेतरी टाकून देतात. मी मुलीला तिथल्या तिथे फोन करून बजावलं, जुना पासपोर्ट हरवायचा नाही, लग्नाच्या धांदलीत तर मुळीच नाही. ती म्हणाली, आईच्या कपाटात ठेवते. मी म्हटलं, माहेरच्या कपाटात राहून गेला तर? तुझ्या ट्रेकच्या सॅकमध्ये ठेव.

रात्री उशिरा पूर्ण ग्रुपचे परवाने हातात आले. प्रत्येक नाव मी पासपोर्टच्या प्रतीशी अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. तिचं नाव दोनदा बघितलं.

जानेवारीत तिनं पासपोर्ट नवा केला, त्याच नावानं. मे महिन्यात ग्रुप किलोमीटर 82 ला पोचला, तेव्हा चौकीवरच्या माणसानं तिचे दोन्ही पासपोर्ट मागितले, कापलेला कोपरा बघितला आणि तिला पुलापलीकडे सोडलं. तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. 4,215 मीटरवरच्या वार्मीवान्युस्का खिंडीबद्दल त्यात भरपूर लिहिलं होतं, चौकीबद्दल एकच ओळ होती. ग्रुपमधले एक काका मात्र गुडघ्यामुळे ऐन वेळी आले नव्हते. त्यांचा परवाना वाया गेला. त्यांच्या जागी यायला तयार असलेले तिघे पुण्यातच राहिले.

आमच्या बुकिंगच्या अर्जात आता दोन रकाने वाढवून घेतले आहेत. पासपोर्ट कधी संपतो, आणि प्रवासाआधी नावात काही बदल होणार आहे का? दुसऱ्या रकान्यावर काही मुली लाजतात, काही चिडतात. ऑफिसातल्या कोणीतरी तो काढून टाकूया असंही सुचवलं. मी काढू दिला नाही.