लंगकावीचे बूट, पुढचं अपडेट: फोडाचं मूळ सापडलं

मंडळी, मलेशियातल्या लंगकावी बेटावर होणाऱ्या फुल आयर्नमॅन शर्यतीसाठी मी बूट तपासतोय हे मागच्या अपडेट्समध्ये सांगितलंच होतं, आणि त्यातल्या फोडाचं कारण शेवटी सापडलं! डाव्या चवड्याखाली येणारा जो फोड मागच्या दोन्ही अपडेट्सना पुरून उरला होता, तो ना मापामुळे येत होता ना सॉक्समुळे. आतला इनसोल, म्हणजे तळपायाखालचा सुटा थर, सरकत होता. आणि तोही फक्त बूट ओला झाल्यावर, म्हणून तर इतके दिवस हाती लागत नव्हता, कारण पहाटे कोल्हापुरात रंकाळ्याभोवती पळताना बूट ओला व्हायचा प्रश्नच नसतो.

लंगकावीत मात्र बूट कोरडा राहणं शक्यच नाही. ३.८ किमी पोहून १८० किमी सायकल मारून झाली की ४२.२ किमी पळायचं, तेही त्या बेटावरच्या दमट उकाड्यात, आणि पाऊस कधी कोसळेल त्याचा नेम नाही. प्रत्येक एड स्टेशनला माणूस डोक्यावर पाणी ओततो, टोपीत बर्फ भरतो, ते सगळं ट्रायसूटवरून (तिन्ही प्रकारांत घालायचा अंगाबरोबरचा पोशाख) पोटऱ्यांवर आणि तिथून थेट बुटात. गोव्याच्या ७०.३ ला (अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनला) मिरामारला हेच झालं होतं, पण तिथे २१ किमीत निभावून जातं, फुल आयर्नमॅनला नाही जात. म्हणून माझं आता ठाम मत झालंय की फुलसाठी बूट निवडायचा तर तो ओला करून, सायकलवरून उतरलेल्या सुजल्या पायात घालून आणि थकलेल्या पेसनेच तपासायला हवा. दुकानातल्या ट्रेडमिलवर कोरड्या पायाने दोन मिनिटं पळून काहीएक कळत नाही.

तर यावेळचं ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव, तसंच केलं. हायवेने निपाणीच्या पुढपर्यंत जाऊन परत, आणि उतरल्या उतरल्या दोन्ही बुटांत तांब्याने पाणी ओतलं, सॉक्ससकट, आणि विद्यापीठाच्या रस्त्याला लागलो. चवड्याखाली जळजळ सुरू झाली तसा यावेळी पळत न राहता तिथेच कठड्यावर बसून बूट काढला आणि आत हात घातला. टाचेकडे बोटभर जागा रिकामी, खालची शिवलेली पट्टी हाताला लागतेय, आणि पुढे बोटांपाशी इनसोल दुमडून वर आलेला. तो दुमडल्यामुळे बरोबर चवड्याखाली एक बारीक वळी पडली होती, प्रत्येक पावलाला तीच घासत होती. कंपनीने तो नुसता आत सरकवून दिलाय, गोंदाचा एक थेंब नाही. एवढ्या किमतीच्या बुटात हे चालवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना हे किरकोळ वाटतंय त्यांनी २०१५ ची बर्लिन मॅरेथॉन आठवा. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याचे दोन्ही इनसोल टाचेमागून बाहेर आले होते, कानासारखे फडफडत होते, आणि तो तसाच पळून २:०४:०० ला जिंकला. तो किपचोगे होता आणि दोन तासांत मोकळा झाला. आपण त्याच बुटात पाच-सहा तास असतो.

आता चिकटवायचं कसं, यातच सगळा वेळ गेला. आधी डबल टेप लावली, पाणी लागलं की सुटली. मग ऑनलाईन मागवलेला एक 'शू ग्लू' लावला, तो वाळून असा दगड झाला की टाचेखाली खडा टोचावा तसा टोचायला लागला, खरवडून काढावा लागला. शेवटी बूट पिशवीत घातले आणि सरळ चप्पल लाईनला, कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, गेलो. तिथे ज्या काकांकडून घरच्या सगळ्यांच्या चपला घेतो त्यांनी इनसोल हातात घेऊन उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्ये गुळगुळीत हाय की, ह्येला काय बी धरणार न्हाई. आधी खरवडाय पायजे." रापीच्या (चामडं कापायच्या हत्याराच्या) पाठीने त्यांनी खालचा चकचकीत थर काढला, वर पॉलिश पेपर मारला, मग सोल्युशनचा, म्हणजे चपला चिकटवायच्या गोंदाचा, अगदी पातळ हात दोन्हीकडे, इनसोललाही आणि बुटातल्या पट्टीलाही. मी लगेच चिकटवायला गेलो तर हात धरला. बोट लावल्यावर चिकटायचं थांबलं की मगच बसवायचं, म्हणजे एकदा बसला की हलत नाही. त्यामुळे बसवताना टाचेकडून सुरुवात आणि हवा पुढे काढत न्यायची.

करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. सोल्युशन कडेने खाली मिडसोलच्या (तळाच्या मधल्या मऊ थराच्या) फोमवर ओघळू देऊ नका, त्यातल्या सॉल्व्हंटने फोम खराब होऊ शकतो. आणि चिकटवलेले बूट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, गरमीने सोल्युशन मऊ पडतं.

परत तेच ब्रिक, तोच तांब्या. इनसोल जागचा हलला नाही. चवडा फक्त पांढरा पडून सुरकुतला होता, पण कातडी अखंड! घरी येऊन बराच वेळ पाय वर करून त्याच्याकडे बघत बसलो, इतका आनंद झाला.

बुटाचंही आता पक्कं झालंय. तळात कडक कार्बन प्लेट असलेला बूट बाद. माझा आयर्नमॅनचा पेस शेवटी किलोमीटरला साडेसहा-सात मिनिटांवर येणार, त्या पेसला तो उंच मऊ फोम घोट्याला डुलवतो, आणि थकल्यावर तो डोलारा सांभाळायला पोटऱ्यांत काही उरलेलं नसतं. सकोनी एन्डॉर्फिन स्पीड घेतोय, त्यात नायलॉनची प्लेट आहे, थोडी वाकते, हळू पळताना पायाशी भांडत नाही. माप अर्धा नंबर मोठं. पण आपल्याकडे अर्धा नंबर मिळवणं म्हणजे वेगळी शर्यत आहे, एका दुकानाने तर 'जाड सॉक्स घाला साहेब' म्हणून एक नंबर मोठा गळ्यात मारायला बघितला. जरा थांबा पण अर्धाच नंबर मोठा घ्या, ओल्या पायाला सैल बूट जास्त वाईट. इलॅस्टिक लेस डिकॅथलॉनची, स्वस्त आणि मस्त, मात्र वरच्या भोकातून हील लॉक (टाच घट्ट धरणारा लेसचा वेढा) घेतल्याशिवाय टाच उचलते.

टी-टूच्या (सायकल संपवून पळायला लागायच्या टप्प्याच्या) बॅगेत छोटा नॅपकिन, व्हॅसलिन आणि आधीच गुंडाळी करून ठेवलेले बोटांचे सॉक्स. ओल्या पायावर सॉक्स सरळ ओढत बसलं तर वेळही जातो आणि आत घडीही राहते. स्पेशल नीड्स बॅगेत (शर्यतीच्या वाटेत मिळणाऱ्या आपल्या सामानाच्या बॅगेत) सॉक्सची दुसरी जोडी टाकणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की सॉक्स बदलून आत बूट ओलाच असेल तर उपयोग काय? त्यापेक्षा जुनी ट्रेनिंगची जोडीच टाकावी, तीही इनसोल चिकटवून. बॅग परत मिळाली नाही तरी जीव तुटणार नाही.

आणि हो, निघताना काका सहज म्हणाले होते, "पाणी साठतंय म्हणतायसा तर भोकं का पाडत न्हाईसा?" तेव्हा सोडून दिलं, पण आता ते डोक्यातून जात नाहीये. त्यांच्याकडे बेल्टला भोकं पाडायचा पंच आहे. इनसोलला कमानीखाली, चवडा आणि टाच दोन्ही सोडून, चार-पाच भोकं पाडली तर इनसोलच्या वर साचणारं पाणी खाली उतरेल. पुढे ते जाळीतून बाहेर पडेल का, ते बघायचंय. आधी जुन्या जोडीतल्या एकाच बुटावर करतो, दुसरा तसाच ठेवतो, दोन्हीत सारखं पाणी घालून पळून आल्यावर किचनच्या काट्यावर वजन करतो. कुणी आधीच केलं असेल तर भोकाचा आकार सांगा, पंच तीन साईजमध्ये आहे आणि मी उद्या संध्याकाळी चप्पल लाईनला चाललोय.