हार्टअटॅक आणि क्रिएटिनिन

आज दिवसभर कोथरूडला हॉस्पिटलमध्ये मामांजवळ होते. काल रात्री अटॅक आला, लगेच अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. वाटलं, सुटलो. पण राउंडला आलेले डॉक्टर हृदयापेक्षा क्रिएटिनिनबद्दलच (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) जास्त बोलले. सिस्टर सारख्या येऊन पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहून नेत होत्या.

अँजिओत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय किडनीवाटेच बाहेर पडतो. किडनी आधीच अधू असेल तर ४८ ते ७२ तासांत क्रिएटिनिन चढू शकतं. म्हणून सलाईन, शुगरची गोळी मेटफॉर्मिन तूर्त बंद, पुन्हा रक्त तपासणं. मोठ्या अटॅकमध्ये मात्र या रिपोर्टसाठी अँजिओप्लास्टी थांबवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते, याचा क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा) ६० च्या खाली असलेल्यांना अटॅकनंतर धोका जास्त असतो, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. मामांना इतक्या वर्षांची शुगर! त्यात गुडघ्यांसाठी पेनकिलर, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या. दोन्हींचा ताण किडनीवरच.

घरात कुणाला शुगर-बीपी असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा तरी तपासाच. मामांचं रक्त उद्या सकाळी पुन्हा घेणार आहेत.